गल्फची नोकरी गेली : विमानात बसण्याआधी करायची कामं

गेल्या शिमग्याच्या सुमारास आमच्या वाडीतल्या एका मुलाचा शारजाहून फोन आला. "काका, कंपनीनं लेटर दिलंय. उद्या व्हिसाच्या कॅन्सलेशनवर सही करायला बोलावलंय. करू?"

"हिशेबाचा कागद दिला?"

"तो नंतर देणार म्हणतात."

"मग सहीपण नंतर."

मी एकोणीस वर्षं आखातात टाइमकीपर होतो. २००९च्या मंदीत माझी पहिली नोकरी गेली तेव्हा मला असं सांगणारं कुणी नव्हतं. एका अरबी कागदावर सही केली आणि तिकीट घेऊन घरी आलो. त्या कागदावर 'माझी सर्व देणी मिळाली' असं लिहिलेलं होतं, हे दापोलीत एका मौलवींनी वाचून दाखवलं तेव्हा समजलं. तोवर उशीर झाला होता. दापोली, मंडणगड, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात अशी घरं मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

कफील म्हणजे व्हिसा देणारा मालक. त्याच्या देशात नोकरी आणि राहण्याचा परवाना एकाच खिळ्याला टांगलेले असतात. खिळा निघाला की दोन्ही खाली येतात. माणूस घाबरतो, 'आधी घरी जाऊ, मग बघू' म्हणतो, आणि नेमकं तिथेच फसतो. तिकडे उभं राहून जे काम दोन दिवसांत होतं, ते इकडून दोन वर्षांत होत नाही. म्हणून खालची बरीचशी कामं विमानात बसण्याआधीची आहेत.

लेटर हातात पडलं त्या दिवशी

सगळ्यात आधी फोन काढा आणि फोटो घ्या. नेमणुकीचं पत्र, कामाचा करार, मागच्या वर्षभराच्या पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, हजेरीपत्रक, ओव्हरटाइमची नोंद, पासपोर्टची सगळी पानं, व्हिसा, अकामा (सौदीतला राहण्याचा परवाना) किंवा एमिरेट्स आयडी (यूएईचं ओळखपत्र), कुवेतला असाल तर बताका (तिथलं ओळखपत्र). हे सगळं घरच्या एखाद्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. कंपनीचा ईमेल आणि हजेरीचं अ‍ॅप कधीही बंद होऊ शकतं, बहुतेकदा त्याच संध्याकाळी होतं.

पगार बँकेत येत असेल तर स्टेटमेंट हा तुमचा सर्वात मोठा साक्षीदार. रोख घेत असाल तर पंचाईत आहे. निदान सहकाऱ्यांबरोबरचे मेसेज आणि सुपरवायझरनं तासांबद्दल लिहिलेलं काही असेल तर ते जपा.

पासपोर्ट कंपनीकडे ठेवलेला असेल तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. कामगाराचा पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवणं आखातातल्या कायद्यांना मान्य नाही. प्रत्यक्षात कपाटं पासपोर्टांनी भरलेली असतात, हे मीही पाहिलं आहे. तरी मागणी लेखी असली की पुढे तक्रार करताना ती कामाला येते.

राजीनामा लिहून द्यायला सांगितलं तर देऊ नका. "राजीनामा दे, म्हणजे पुढच्या कंपनीत तुझं नाव चांगलं राहील" हे वाक्य मी निरनिराळ्या चार तोंडांतून ऐकलं आहे. त्याची किंमत किती पडते ते पुढच्या हिशेबात दिसेल.

हिशेब स्वतः मांडा

अकाउंटंटचा आकडा येण्याआधी आपला आकडा कागदावर हवा. तो निघायला अर्धा तास लागतो.

यूएईमध्ये, म्हणजे दुबई-शारजाकडे, २०२१चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२पासून लागू आहे. एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा. इथला 'मूळ' हा शब्द नीट बघा. पगार २,५०० दिरहम असला तरी करारात बेसिक १,५०० लिहिलेला असतो, उरलेले घरभाडं आणि भत्ते. ग्रॅच्युइटी निघते ती १,५००वर.

शारजाच्या मुलाची सात वर्षं झाली होती. एका दिवसाचा मूळ पगार ५० दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे २१ गुणिले ५० गुणिले ५, म्हणजे ५,२५०. पुढच्या दोन वर्षांचे ३० गुणिले ५० गुणिले २, म्हणजे ३,०००. एकूण ८,२५० दिरहम. कंपनीच्या कागदावर ६,१०० होते. कसे, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्यानं आपला कागद पुढे सरकवला आणि 'कामगार मंत्रालयाच्या अ‍ॅपवर विचारतो' एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आकडा दुरुस्त झाला.

ग्रॅच्युइटीशिवाय आणखी चार गोष्टी मागायच्या असतात : चालू महिन्याचा पगार, न घेतलेल्या वार्षिक रजेचे पैसे, नोटीस न देता काढलं असेल तर नोटीस काळाचा पगार आणि परतीचं तिकीट. यूएईत नोटीस ३० ते ९० दिवसांची, करारात लिहिलेली असते तेवढी. कंपनीनं काढलं असेल तर नोटीसच्या काळात आठवड्याला एक दिवस नोकरी शोधायला बिनपगारी सुट्टी मिळते. ती मागणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, कारण माहीतच नसतं. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करणं कंपनीवर बंधनकारक आहे.

सौदीत गणित वेगळं आहे. तिथे पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या दर वर्षी पूर्ण महिन्याचा, शेवटच्या पगारावर मोजून. २,००० रियाल पगाराच्या माणसाला सात वर्षांचे ५,००० आणि ४,००० मिळून ९,००० रियाल होतात. आता राजीनाम्याकडे या. राजीनामा दिला तर दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला या रकमेचा एक तृतीयांश मिळतो, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. म्हणजे या माणसानं 'नाव चांगलं राहावं' म्हणून राजीनामा लिहिला तर ९,००० चे ६,००० झाले. मालकानं काढलं असेल तर एका आठवड्यात आणि तुम्ही सोडलं असेल तर दोन आठवड्यांत पैसे मिळायला हवेत.

कुवेतचा २०१०चा कायदा महिन्याच्या पगारदाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी १५ दिवसांचा आणि नंतर दर वर्षी एका महिन्याचा पगार देतो, एकूण मर्यादा दीड वर्षाच्या पगाराची. तिथेही राजीनाम्यानं कात्री लागते : तीन वर्षांच्या आत काहीच नाही, तीन ते पाच वर्षांत निम्मे. नोटीस मात्र तीन महिन्यांची आहे, आणि हा आखातातल्या कामगाराला क्वचित मिळणारा चांगला भाग आहे. कतारमध्ये वर्षाला किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार धरतात.

घड्याळ किती दिवसांचं

यूएईत व्हिसा रद्द झाल्यावर राहायची मुदत व्हिसाच्या प्रकारानुसार ३० ते १८० दिवसांची असते. नक्की तारीख कॅन्सलेशनच्या कागदावर किंवा इमिग्रेशनच्या अ‍ॅपवर दिसते, ती बघा. रूममेटला विचारून दिवस मोजू नका. मुदतीनंतर दिवसाला ५० दिरहम दंड लागतो. महिनाभर झोपून राहिलात तर १,५०० दिरहम, म्हणजे आपल्या मुलाचा मूळ पगार. कतारमध्ये ९० दिवस मिळतात.

सौदीत १४ मार्च २०२१पासून नियम बदलले. ठरावीक अटींत मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे नोकरी बदलता येते आणि देशाबाहेर जायचा परवाना अबशर अ‍ॅपवर स्वतः काढता येतो. तीन महिने सलग पगार दिला नाही किंवा अकामा संपूनही नूतनीकरण केलं नाही, तरी बदली घेता येते. नोकरीचे व्यवहार क्वीवा या पोर्टलवर चालतात. करार संपल्याची नोंद झाली की ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा किंवा खुरूज, म्हणजे देश कायमचा सोडायचा परवाना, घेऊन निघायचं. खुरूज लागलं की त्यालाही ६० दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर नोकरी बदलण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. म्हणून खुरूज मारायची घाई करू नका.

कुवेतला असाल तर एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. १ जुलै २०२५पासून १८ नंबरच्या, म्हणजे खासगी कंपनीतल्या कामाच्या, व्हिसावाल्याला देश सोडताना मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट लागतो. तिकीट काढण्याआधी तो साहेल अ‍ॅपवर मंजूर झालाय का ते तपासा, नाहीतर विमानतळावरून परत यावं लागेल.

यूएईतला विमा, जो बहुतेकांनी भरलाय आणि विसरलेत

१ जानेवारी २०२३पासून यूएईत नोकरी गेल्याचा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम हप्ता. सलग बारा महिने हप्ते भरलेले असतील तर नोकरी गेल्यावर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. शारजाच्या मुलाचे महिन्याला ९०० दिरहम होतात, तिन्ही महिन्यांचे २,७००. फार नाहीत, पण खोलीचं भाडं आणि जेवण निघतं, आणि तेवढ्यात दुसरी नोकरी शोधता येते.

अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा. इथेही राजीनामा आडवा येतो : स्वतःहून सोडलं असेल किंवा शिस्तभंगासाठी काढलं असेल तर काही मिळत नाही. देश सोडला की रक्कम थांबते. घरकामाच्या व्हिसावर असलेल्यांना ही योजना लागू नाही, म्हणजे आमच्याकडच्या ज्या बायका घरकामाला गेल्यात त्या यातून सुटल्या. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच वगळलं.

कंपनी ऐकत नसेल तर

यूएईत मंत्रालयाच्या अ‍ॅपवरूनच तक्रार करता येते. ५० हजार दिरहमपर्यंतचे दावे २०२४पासून मंत्रालय स्वतः निकाली काढतं. कामगाराला एक लाखापर्यंतच्या दाव्याला कोर्टाची फी नाही. सौदीत आधी तडजोडीचा टप्पा असतो, २१ दिवसांचा, मग कामगार कोर्ट, आणि हे सारं नोकरी संपल्यापासून एका वर्षात करायचं. तक्रार केली म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. ही भीती आमच्या गावात फार खोल गेलेली आहे, आणि तिला जबाबदार आहेत ते जुने लोक, ज्यांच्या वेळी खरंच कुणी विचारत नसे.

भारतीय वकिलातीत जायला लाजू नका. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल २०१५पासून चालू आहे, घरचे लोक कोकणात बसूनही तिथे तक्रार नोंदवू शकतात. वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. अगदी अडकलेल्या माणसाचं तिकीट किंवा मुदत ओलांडल्याचा दंड त्यातून भरला जाऊ शकतो. एमिग्रेशन क्लिअरन्सवर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घेऊन, गेलेल्यांच्या नावे प्रवासी भारतीय बीमा योजना असते. तिची लोकांना माहीत असलेली बाजू म्हणजे अपघाती मृत्यूला १० लाख. पण आपली चूक नसताना नोकरी मुदतीआधी गेली तर, वकिलातीच्या दाखल्यावर परतीच्या एका तिकिटाची भरपाईही तीत आहे. पॉलिसीचा कागद घरातल्या ट्रंकेत असेल, आईला शोधायला सांगा.

सौदीत एका गोष्टीची धास्ती मात्र खरी आहे : हुरूब. कामावर येत नाही अशी मालकानं नोंद केली की अकामा असून नसल्यासारखा होतो. म्हणून भांडण झालं तरी लेखी काढून टाकेपर्यंत कामावर हजेरी लावायचं थांबवू नका. रागानं खोलीवर बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात हुरूबमध्ये सापडतो. आपली नोंद अबशरवर दर दोन दिवसांनी बघत राहा. आझाद व्हिसावर, म्हणजे कफील एक आणि काम दुसरीकडे, असे राहत असाल तर तुमचा कायदेशीर मालक तोच कफील. पैसे तो मागणार आणि हुरूबही तोच लावणार. अशा माणसानं आधी वकिलातीत जावं, मग बाकीचं.

बँक, सिम आणि कागद

यूएईत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड असेल तर हिशेबाची रक्कम जमा झाल्यावर बँक ती अडवून ठेवू शकते. आधी बँकेत जाऊन हप्ते कमी करून घ्या, लेखी. कर्ज तसंच टाकून निघालेल्यावर प्रवासबंदी लागू शकते आणि ती कळते पासपोर्ट काउंटरवर.

सिमकार्ड बंद करू नका. मंत्रालय, बँक, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. किमान पैसे भरून सहा महिने चालू ठेवा. हा सल्ला मला एका मिरकरवाड्याच्या ड्रायव्हरनं दिला. त्याचे चार हजार रियाल केवळ ओटीपी न आल्यामुळे आठ महिने पडून होते.

अनुभवाचा दाखला, तिथल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत तिथूनच घ्या. दुसऱ्या देशात जायचं तर पोलिसांचा दाखला मागतातच, आणि तो इकडून मिळवताना दमछाक होते. दावा अर्धवट असेल आणि निघावंच लागत असेल, तर विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र तिथेच, अरबीत, नोटरीसमोर करून द्या. तेच इकडून करायचं तर नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि काही देशांसाठी त्यांची वकिलातही, अशी तीन-चार दारं ठोठवावी लागतात.

अमेरिकेत असाल तर

चिपळूण-रत्नागिरीची मुलं आता एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावरही आहेत, म्हणून थोडक्यात. नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) वरची तारीख आधी असेल तर तोपर्यंत. तेवढ्यात नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला की निकालाची वाट न बघता कामाला लागता येतं. नाहीतर जोडीदाराच्या व्हिसावर किंवा पर्यटक व्हिसावर बदलण्याचा अर्ज त्याच मुदतीत करावा. कंपनीनं काढलं असेल तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनं द्यायचा असतो. सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, त्यामुळे बाहेर पडून परत येऊ असं ठरवण्याआधी वकिलाला विचारा.

घरी सांगणं

कागदांपेक्षा हे अवघड असतं. आमच्याकडे माणूस 'शिमग्याला सुट्टीवर आलो' म्हणतो आणि गणपती बसले तरी इथेच असतो. मग लोक विचारायचं थांबवतात, ते जास्त बोचतं. तोवर चिऱ्याच्या घराचा स्लॅब पुढे चालूच असतो, गवंड्याला आगाऊ दिलेले असतात, बहिणीच्या लग्नाचा हॉल बुक असतो, कारण घरी कुणाला माहीतच नाही की पैसे आता येणार नाहीत.

शारजाच्या मुलालाही मी हेच म्हटलं, आधी आईला सांग. त्यानं मला सांगायला लावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवतो ना वेळेवर?" मग स्वतःच गवंड्याला फोन करून काम थांबवलं. दोन लाख वाचले. ते त्याला पुढे तिथे दुसरी नोकरी शोधायला पुरले.

लेटर मिळाल्यापासून आठवड्याच्या आत घरातल्या एका तरी माणसाला खरं सांगा, बायको, आई, मोठा भाऊ, कुणीही. आणि एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या) खात्यातलं मासिक पाठवणं आधी अर्धं करा. घर महिनाभर कमी पैशांत चालतं, त्यांना सवय आहे.

परतल्यावर

कायमचं आलात तर बँकेला कळवून एनआरई खातं निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. व्याजाची करमाफी त्या खात्याच्या दर्जाला चिकटलेली असते, आणि न कळवल्याची चूक पुढे महागात पडते. इथे काही सुरू करायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, चौकशी करा. ग्रामीण भागात खुल्या गटाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. ग्रॅच्युइटीतून होडी घ्यायचा विचार असेल तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्र बंद असतो, तेवढे हप्ते आधी बाजूला काढून ठेवा.

पुन्हा जायचं असेल तर एजंटचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंट ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. जो दीड लाख मागतो आणि 'पावती नंतर' म्हणतो, त्याची तक्रार मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात करता येते. शारजाचा मुलगा तिथेच थांबला, मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना त्याला अजमानमध्ये काम मिळालं. नव्या करारात बेसिक किती लिहिलाय ते त्यानं सही करण्याआधी मला फोटो काढून पाठवलं. १,८०० होता.